२५६ बिटांचं कुलूप आणि कुंडीखालची किल्ली

मंडळी, नवीन लॅपटॉप येतो, त्यावर आपण हौसेनं लिनक्स टाकायला बसतो, इन्स्टॉलर विचारतो 'डिस्क एन्क्रिप्ट करायची का?', आपण शहाण्यासारखं 'हो' म्हणतो आणि तिथून पुढे खरी गंमत सुरू होते. किल्ली केवढी ठेवायची? १२८ बिट की २५६? मग कॅन्टीनमध्ये, कंपनीच्या बसमध्ये, रात्री साडेअकराला चॅटवर तीच चर्चा. 'अरे २५६ घे ना, दुप्पट सेफ!' 'छे छे, २५६नं डिस्क रखडते.' 'बँका २५६च वापरतात म्हणे.' आणि कुणीतरी असतोच जो जाहिरातीतलं 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन' हे वाक्य तोंडावर फेकून वाद संपवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. आजच्या तारखेला डिस्क एन्क्रिप्शनसाठी '१२८ की २५६' हा प्रश्न जवळपास निरर्थक आहे. दोन्हीपैकी काहीही घ्या, चोर त्या वाटेनं येणारच नाहीये. आणि ज्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर चालतं, त्यावर पाऊण तास वाद घालणारा माणूस सहसा दुसरा एखादा अवघड प्रश्न टाळत असतो.

आपल्याकडे कुलूप आणायला गेलं की पहिला प्रश्न असतो, 'किती लिव्हरचं?' सातवालं असेल तर छाती जरा फुगते. ते आणायचं, दाराला लावायचं, आणि किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवून लग्नाला जायचं! आता चोराला लिव्हरच्या संख्येशी काय देणंघेणं? तो कुंडी उचलतो. डिस्क एन्क्रिप्शनमध्ये आपण नेमकं हेच करतोय. लिव्हर मोजतोय, कुंडीकडे बघायला तयार नाही.

आता, हा प्रश्न कधीच महत्त्वाचा नव्हता असं नाही. एकेकाळी किल्लीच्या लांबीवरच सगळं अवलंबून होतं. अमेरिकेबाहेर पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली सहसा चालत नसे. त्या काळात, १९९५ मध्ये, फ्रान्समधल्या एका संशोधकानं नेटस्केपच्या ४० बिटांच्या किल्लीनं बंद केलेला संदेश ८ दिवसांत उघडून दाखवला. सरळ एकेक किल्ली लावून बघत. १९७७ पासून अमेरिकी सरकारचं प्रमाण असलेल्या डीईएसची किल्ली ५६ बिटांची. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं, त्याचं नाव डीप क्रॅक, आणि त्यानं डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधली. पुढच्याच वर्षी तेच यंत्र आणि इंटरनेटवरचे हजारो संगणक मिळून हे काम एका दिवसाच्या आत झालं.

आपल्याकडची कथा तर अजून मजेदार. इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या जुन्या परवान्यात अट होती की परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतचीच किल्ली वापरायची. आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इंटरनेट बँकिंगसाठी बँकांना काय सांगितलं? किमान १२८ बिट! म्हणजे एक खातं म्हणतंय कडी लावू नका, दुसरं म्हणतंय तिजोरी आणा. आकडा नेमका कशासाठी आहे हे न बघता कागदावर आकडा लिहिला की असं होतं. असो.

तर या सगळ्या अनुभवातून पुढची पद्धत निवडली गेली. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं जाहीर स्पर्धा घेतली, जगभरच्या लोकांनी एकमेकांच्या पद्धती फोडायचा प्रयत्न केला, आणि योआन दाएमेन व व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन गणित्यांची पद्धत नोव्हेंबर २००१ मध्ये एईएस या नावानं प्रमाण झाली. किल्लीच्या तीन लांब्या: १२८, १९२ आणि २५६. सर्वात छोटी किल्लीसुद्धा डीईएसच्या कित्येक मैल पुढे. इथे 'लांबी पुरेशी आहे का' हा प्रश्न संपला. आपण मात्र अजून त्याच स्टेशनवर बसून आहोत.

थोडा हिशोब करू. (घाबरू नका, आठवीचं गणित आहे.)

१२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता किती? २चा १२८वा घात, म्हणजे साधारण ३४ वर ३७ शून्यं. समजा एक यंत्र सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासतं. आणि समजा अशी एक अब्ज यंत्रं कुणीतरी एकाच वेळी लावली. विजेचं बिल कोण भरणार ते सोडून द्या. सगळ्या किल्ल्या तपासायला किती वेळ लागेल? सुमारे १०८० कोटी वर्षं. नशीब सरासरी असेल तर निम्म्यात, ५४० कोटी वर्षांत काम होईल. विश्वाचं आजचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं धरतात. एक अब्ज यंत्रं लावून हे! तुमच्या डिस्कवरच्या सॅलरी स्लिपा बघण्यासाठी एवढं कुणी थांबणार नाही.

आणि ते 'दुप्पट सेफ' प्रकरण. बिट एकानं वाढला की शक्यता दुप्पट होतात. म्हणजे १२८च्या दुप्पट १२९ बिट, २५६ नव्हे. २५६च्या शक्यता १२८च्या शक्यतांचा वर्ग आहेत. पण ज्या डोंगरावर कुणी चढूच शकत नाही त्यावर अजून एक डोंगर ठेवून माणूस किती जास्त सुरक्षित होतो?

इथे दोन तांत्रिक गोष्टी सांगतो, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कुठला आकडा कुठल्या आकड्याशी ताडतोय हेच माहीत नसतं. आज डिस्क एन्क्रिप्शनसाठी बहुतेक ठिकाणी एईएस ज्या रीतीनं वापरतात तिचं नाव एक्सटीएस. २००७ मध्ये तिचं आयईईई प्रमाण झालं. या रीतीत किल्ल्या दोन लागतात. एक मजकुरासाठी, दुसरी मजकूर डिस्कवर कुठल्या जागी आहे ते मिसळण्यासाठी. त्यामुळे २५६ बिटांची एक्सटीएस किल्ली म्हणजे प्रत्यक्षात १२८ बिटांच्या दोन. ॲपल आपल्या फाइलव्हॉल्टचं वर्णन 'एक्सटीएस-एईएस-१२८, किल्ली २५६ बिट' असं करतं ते त्यामुळेच. लिनक्सवर लक्सच्या डिस्कची माहिती काढली आणि 'किल्ली ५१२ बिट' दिसलं तर हुरळून जाऊ नका, ते एईएस-२५६च आहे. आणि विंडोजच्या बिटलॉकरमध्ये २०१५ पासून मूळ सेटिंग आहे एक्सटीएस-एईएस १२८. म्हणजे मॅक आणि विंडोज बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी १२८ची एईएस पुरेशी मानली, आणि त्यांची यंत्रं वापरणारे आपण कॅन्टीनमध्ये १२८ला नाकं मुरडतोय.

दुसरी गोष्ट अशी की मोठा आकडा म्हणजे त्याच प्रमाणात जास्त बळ, हेही खरं नाही. एईएस-१२८ मजकुराला १० फेऱ्यांतून फिरवते, २५६ चौदा फेऱ्यांतून. पण २००९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की एकमेकींशी ठरावीक नातं असलेल्या किल्ल्या हल्लेखोराला मिळाल्या, तर २५६ची रचना १२८पेक्षा कच्ची ठरते. त्या वर्षी ब्रूस श्नायरसारख्या माणसानं नव्या कामांसाठी १२८च वापरा असा सल्ला दिला होता. तसा हल्ला डिस्कवर प्रत्यक्षात लागू होत नाही, त्यामुळे ज्यांनी २५६ घेतलंय त्यांनी आज रात्री नीट झोपावं. :-) मुद्दा एवढाच, की आकडा बघून बळ ठरत नाही.

बरं, मग कुंडी कुठेय?

डिस्क एन्क्रिप्ट करताना मशीन एक मुख्य किल्ली स्वतः तयार करतं. ती १२८ किंवा २५६ बिटांची, यादृच्छिक. ही किल्ली तुम्ही कधी बघत नाही. ती डिस्कच्या सुरुवातीला एका डबीत बंद करून ठेवलेली असते, आणि त्या डबीचं झाकण उघडतं तुमच्या पासफ्रेजनं. चोराला मुख्य किल्ली शोधायची गरज नाही. तो डबीचं झाकण उचकटतो. म्हणजे तुमच्या कुलपाची खरी ताकद मुख्य किल्ली आणि पासफ्रेज यांतल्या दुबळ्या गोष्टीएवढी. आणि दुबळं कोण असतं ते सांगायला नकोच.

आपल्याकडचे पासवर्ड कसे असतात? रायगड@१६७४. साईराम१२३. मुलीचं नाव आणि जन्मवर्ष. कंपनीचं नाव, मग ॲट, मग चालू वर्ष, आणि दर ९० दिवसांनी शेवटी एक उद्गारचिन्ह वाढवायचं. यात मोठं अक्षर आहे, अंक आहे, चिन्ह आहे, नियम सगळे पाळलेत. फोडणाऱ्याला हे नियम आपल्याहून पाठ असतात. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून सुमारे ३.२ कोटी पासवर्ड उघड्यावर आले, आणि त्यांतला सर्वात लोकप्रिय होता १२३४५६. त्या दिवसापासून माणसं पासवर्ड कसा निवडतात याचा अंदाज बांधायची गरज उरली नाही, यादीच आहे. त्यानंतर अशा कितीतरी याद्या आल्या.

'पण पासफ्रेज तपासणं मुद्दाम सावकाश केलेलं असतं ना?' बरोबर, असतं. लक्सच्या नव्या आवृत्तीत त्यासाठी आर्गॉन२ वापरतात. २०१५च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत ही पद्धत पहिली आली. प्रत्येक प्रयत्नाला ती भरपूर मेमरी खाते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची फौज लावून फारसा फायदा होत नाही. उत्तम गोष्ट आहे. पण तिच्यावर किती भार टाकणार? समजा चोराकडे भाड्यानं घेतलेली हजार यंत्रं आहेत आणि प्रत्येक यंत्र सेकंदाला फक्त दहा पासफ्रेज तपासू शकतं. म्हणजे सेकंदाला दहा हजार. तुमचा पासवर्ड एक कोटी नेहमीच्या पासवर्डांच्या यादीत असेल तर तो सतरा मिनिटांच्या आत सापडणार. सतरा मिनिटं! मागे २५६ बिटांची किल्ली ऐटीत उभी आहे, आणि चोर आत येऊन पंखा लावून बसलाय.

आता दुसरी बाजू. १९९५ पासून डाइसवेअर नावाची एक साधी रीत आहे. ७७७६ शब्दांची यादी घ्यायची, फासा पाच वेळा टाकायचा, जो आकडा येईल त्या क्रमांकाचा शब्द उचलायचा. घरातल्या सापशिडीचा फासा चालतो. प्रत्येक शब्दामागे सुमारे १२.९ बिट मिळतात. असे सहा शब्द म्हणजे सुमारे ७७ बिट. वरच्याच हजार यंत्रांना सगळ्या शक्यता बघायला किती वेळ? अंदाजे ७०,००० कोटी वर्षं. पाच शब्द घेतले तरी ९ कोटी वर्षं. फरक कशानं पडला? १२८ आणि २५६नं नाही. फाशानं पडला.

आणि हिशोब उलटा करून बघा. पासफ्रेज १२८ बिटांच्या बरोबरीचा करायचा तर असे दहा शब्द लागतील. २५६च्या बरोबरीचा करायचा तर वीस! रोज सकाळी लॅपटॉप उघडताना वीस असंबद्ध शब्द टाइप करणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्याशी २५६ बिटांवर आनंदानं चर्चा करीन. बाकीच्यांनी १२८ला कमी म्हणू नये.

(जाता जाता: शब्द मराठी घ्यायला काहीच हरकत नाही, पण मशीन सुरू होतानाच्या त्या पडद्यावर देवनागरी उमटेल याचा भरवसा नसतो, म्हणून रोमन लिपीत लिहा. आणि 'वांगी' व्हीनं लिहिलं की डब्ल्यूनं, हे आधीच पक्कं करा. अभंगाची ओळ, गाण्याचं धृपद, आवडीचा संवाद अजिबात नको. जे तुम्हाला पाठ आहे ते लाखोंना पाठ आहे.)

किल्लीची लांबी आणि किल्लीची खरी ताकद यांत किती अंतर पडू शकतं याचं सर्वात जळजळीत उदाहरण डेबियनचं. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएलच्या पॅकेजमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या. परिणाम असा की किल्ली बनवताना यादृच्छिकता म्हणून उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. पावणेदोन वर्षं, मे २००८ पर्यंत, त्या मशीनांवर १०२४ बिटांच्या, २०४८ बिटांच्या किल्ल्या तयार होत होत्या. दिसायला भारदस्त, आतून जेमतेम १५ बिट. लांबीवर समाधान मानणाऱ्या एकालाही काही वेगळं दिसलं नसतं, कारण लांबी बरोबरच होती!

आता दोन खरी माणसं. त्यांनी काय केलं, कोण दोषी, ते बाजूला ठेवू. डिस्कचं काय झालं तेवढंच बघू.

पहिला डॅनियल दांतास, ब्राझीलचा बँकर. २००८ मध्ये पोलिसांनी त्याच्या डिस्क जप्त केल्या. त्या ट्रूक्रिप्टसारख्या साधनांनी बंद केलेल्या. (ट्रूक्रिप्टचा विकास २०१४ मध्ये थांबला, आज ते वापरू नका.) आधी ब्राझीलच्या तज्ज्ञांनी आणि मग वर्षभर अमेरिकेच्या एफबीआयनं प्रयत्न केले. २०१० मध्ये डिस्क न उघडता परत आल्या. एफबीआयनं काय केलं होतं? शब्दांच्या याद्या लावल्या होत्या. त्यांनी हल्ला पासफ्रेजवर केला, किल्लीवर नाही. पासफ्रेज यादीत नव्हता, संपलं.

दुसरा रॉस उलब्रिख्त, सिल्क रोड चालवणारा. त्याच्याही लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली. १ ऑक्टोबर २०१३ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक वाचनालयात तो काम करत बसला होता. मागे दोन जणांनी भांडणाचं नाटक केलं, त्यानं वळून बघितलं, तेवढ्यात चालू लॅपटॉप समोरच्या साध्या कपड्यातल्या अधिकाऱ्यानं उचलला. डिस्क उघडीच होती. किल्लीची लांबी तेव्हा किती होती याला काडीचंही महत्त्व उरलं नाही.

तुम्ही म्हणाल, आपण काय सिल्क रोड चालवतो काय! नाही चालवत. पण लॅपटॉप कसा नेता? झाकण मिटलं, सॅकमध्ये टाकला, शिवनेरीत बसलो. झाकण मिटलं म्हणजे मशीन झोपलं, बंद झालं नाही. झोपलेल्या मशीनच्या मेमरीत मुख्य किल्ली साधारणपणे जशीच्या तशी पडून असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की मेमरीच्या चिपा थंड केल्या तर वीज तोडल्यावरही त्यांतला मजकूर काही मिनिटं टिकतो, आणि किल्ली त्यातून वेचता येते. १२८ असो की २५६, वेचायला सारखीच.

किंवा ऑफिसचा विंडोज लॅपटॉप घ्या. पासफ्रेज, पिन काही नाही, बटण दाबलं की थेट लॉगिनचा पडदा. किती छान सोय! याचा अर्थ डिस्कची किल्ली मदरबोर्डवरची टीपीएम चिप आपणहून सोडते. २०२४ मध्ये एका संशोधकानं वेगळी टीपीएम चिप असलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर, दहा डॉलरपेक्षा स्वस्त रास्पबेरी पाय पिको वापरून, चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवरून जाणारी किल्ली ४३ सेकंदांत उचलून दाखवली. जिथे टीपीएम प्रोसेसरच्या पोटातच असते तिथे ही युक्ती चालत नाही, आणि सुरुवातीला पिन मागायची सोय चालू केली तर वेगळ्या चिपवरही नुसतं बटण दाबून किल्ली बाहेर पडत नाही. पण पिन चालू करा म्हटलं की लोक वैतागतात. २५६ करा म्हटलं की कुणीच वैतागत नाही, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही!

आणि डिस्कवर स्वतःचं एन्क्रिप्शन असतं, ते वापरू म्हणाल, तर २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी काही नामांकित एसएसडी उघडून बघितल्या. वेष्टनावर एईएस-२५६. आत काही मॉडेलांमध्ये पासवर्ड आणि किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता! म्हणजे पासवर्ड न देताही डेटा मिळत होता. बिटलॉकर अशा डिस्कवर विश्वास टाकून स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नसे. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती मूळ सेटिंग बदलली.

आता तुमचे आक्षेप. तीन मला तोंडपाठ आहेत.

पहिला, 'क्वांटम कॉम्प्युटर आल्यावर?' ग्रोव्हरची पद्धत १९९६ मधली आहे आणि कागदावर ती १२८ बिटांचं काम ६४ बिटांवर आणते. ऐकायला भयंकर. पण त्या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. शंभर यंत्रं लावली तर वेग शंभरपट न होता दहापटच होतो. एनआयएसटीनं तर क्वांटमोत्तर सुरक्षेची पहिली पायरी एईएस-१२८ फोडण्याच्या अवघडपणावरच बेतली आहे. दुसरीकडे अमेरिकेची एनएसए स्वतःच्या गोपनीय कामांसाठी २५६ मागते. तुमच्याकडे तीस-चाळीस वर्षं गुप्त राहायलाच हवं असं काही असेल तर २५६ घ्या, माझी ना नाही.

दुसरा, 'मग २५६ फुकटच मिळतंय तर घ्यायला काय हरकत?' काहीच नाही! घ्या ना. २०१० पासून प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना येऊ लागल्या आणि आजच्या साध्या लॅपटॉपवर चौदा फेऱ्यांचा फरक रोजच्या कामात जाणवतसुद्धा नाही. माझं भांडण २५६शी नाही. २५६ निवडल्यावर 'झालं एकदाचं' म्हणून जो सुस्कारा सोडला जातो त्याच्याशी आहे.

तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे. 'अरे, क्लायंटच्या फॉर्ममध्ये २५६ लिहिलंय, मग द्यायलाच लागणार.' हो, लागणार. मी पाहिलेल्या अशाच एका प्रश्नावलीत (कंपनीचं नाव नको) एन्क्रिप्शनवर एकच प्रश्न होता: किल्ली २५६ बिट आहे का, हो किंवा नाही. पासफ्रेज कोण ठरवतं? विचारलं नाही. लॅपटॉप प्रवासात बंद असतो का? विचारलं नाही. रिकव्हरी किल्ल्या कुठे आहेत? विचारलं नाही. सगळ्यांनी 'हो'वर खूण केली आणि सुरक्षा पूर्ण झाली. त्याच मजल्यावर सर्व लॅपटॉपांचा पासवर्ड कर्मचारी क्रमांक आणि रुजू झाल्याचं वर्ष असा होता, आणि कर्मचारी क्रमांक गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला!

सरकारही या रोगातून सुटलेलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता. कुठली पद्धत आणि केवढी किल्ली वापरायची ते सरकार ठरवणार, आणि वर एन्क्रिप्ट केलेल्या मजकुराची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवायची! आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. पण विचार बघा. किल्लीचा आकडा सरकारी अधिसूचनेत, आणि उघडी प्रत कपाटात.

हे सगळं मी एवढं तावातावानं का लिहितोय? कारण आपल्या लॅपटॉपवर फक्त आपलं काही नसतं. टेस्टिंगसाठी म्हणून उतरवून घेतलेला खऱ्या ग्राहकांचा डेटाबेस असतो. कुणाचे आधार क्रमांक, कुणाचे पगार, कुठल्यातरी बाईचे सोनोग्राफीचे रिपोर्ट. तिला बिट म्हणजे काय ते माहीत नाही आणि असायची गरजही नाही. तिनं आपल्यावर विश्वास टाकलाय हेसुद्धा तिला माहीत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी माहिती जपायची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड कंपनी भरेल. त्या बाईचा रिपोर्ट मात्र परत गुप्त होणार नाही.

आणि उलट्या बाजूचं नुकसानही आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. डिस्कच्या सुरुवातीची ती डबी, तिला लक्समध्ये हेडर म्हणतात, ती बिघडली की योग्य पासफ्रेज हातात असूनही डेटा कायमचा गेला. नवं लिनक्स टाकताना चुकीचं पार्टिशन निवडलं, पुरे. मुलाचे पहिल्या पाच वर्षांचे फोटो त्यात असतील तर विश्वाच्या वयाचा तो हिशोब आता तुमच्याच विरुद्ध उभा राहतो. किल्ली जितकी न फुटणारी, तितकं हे नुकसान पक्कं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी '१२८ की २५६' विचारलं तर एका वाक्यात सांगा, 'जे मूळ सेटिंग असेल ते', आणि उरलेल्या वेळात हे प्रश्न त्याला विचारा.

पासफ्रेज फाशानं निवडलाय की डोक्यानं? डोक्यानं असेल तर बदल. पाच-सहा शब्द, पहिला आठवडा कागदावर लिहून पाकिटात ठेव, मग पाठ झाला की फाड.

लक्स जुनं आहे का? हेडरची माहिती काढून बघ. पीबीकेडीएफ२ दिसलं तर हेडरची प्रत घेऊन आर्गॉन२वर जा, आधी तुझं बूटलोडर त्याला चालतं का ते बघून.

लॅपटॉप घराबाहेर पडताना झोपतो की पूर्ण बंद होतो? बंद कर. मिनिटभर जाईल.

विंडोज असेल तर सुरुवातीचा पिन चालू आहे का? आणि रिकव्हरी किल्ली कुठे आहे, कुणाच्या खात्यात आहे, त्या खात्याचा पासवर्ड काय लायकीचा आहे?

हेडरची प्रत वेगळ्या जागी ठेवलीय का? आणि पासफ्रेज बदलल्यावर ती जुनी प्रत नष्ट केलीस का? कारण पासफ्रेज बदलला तरी आतली मुख्य किल्ली तीच राहते. जुनं हेडर आणि जुना पासफ्रेज ज्याच्याकडे आहे, त्याच्यासाठी डिस्क अजून उघडीच आहे.

बॅकअप? तोही एन्क्रिप्ट केलेला आहे की कपाटातल्या हार्ड डिस्कवर सगळं उघडंवाघडं पडलंय?

आणि शेवटचा, सर्वात महत्त्वाचा: तो डेटा तुझ्या लॅपटॉपवर असायलाच हवा का? जे डिस्कवर नाही ते कुठल्याच लांबीची किल्ली न लावता सुरक्षित आहे.

या सातपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर फॉर्ममध्ये 'हो'वर खूण करून देता येत नाही. प्रत्येकात थोडा त्रास आहे, थोडी शिस्त आहे, कुणाशी तरी थोडा वाईटपणा आहे. म्हणूनच आपण बिट मोजत बसतो. बिट मोजायला काही लागत नाही.

तेव्हा मंडळी, या शनिवारी एक काम करा. मुलांच्या खेळण्यांतून तो फासा शोधून काढा.